काळ्याची गॅरंटी

हॉर्नकाकूंची गाडी विकायची असं घरात ठरलं, तेव्हा घरात हॉर्नकाकू नव्हत्या. त्या गाडी घेऊन बाहेर गेल्या होत्या.

गल्लीनं हे नाव त्यांना उगाच ठेवलेलं नव्हतं. वळणाच्या आधी, वळताना आणि कधीकधी वळून झाल्यावरही त्या हॉर्न वाजवत. ‘मी येतेय ते समोरच्याला कळायला नको?’ असं त्यांचं म्हणणं. आणि कळायचं, अगदी चांगलंच कळायचं. सायकलवाले भिंतीला चिकटत, गप्पा मारत उभ्या असलेल्या बायका फाटकाच्या आत जात. त्या हॉर्नमुळे म्हणा किंवा काकूंच्या हातामुळे म्हणा, त्या गाडीनं आजवर कुणाला साधं खरचटवलंही नव्हतं.

गाडी काकूंनी स्वतःच्या पगारातून घेतली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी हयात नोकरी केली. काकांना गाडी चालवता येत नव्हती. ते शेजारी बसत आणि पायाखालच्या रबरी चटईवर ब्रेक दाबत. काका गेले, पण त्या बाजूची चटई अजून टाचेपाशी झिजलेली आहे आणि काकूंनी ती बदललेली नाही.

त्यांना एकच मुलगा. त्याला आपण चिरंजीव म्हणू, कारण काकू रागावल्या की त्याला तसंच म्हणत आणि या गोष्टीत त्या बराच वेळ रागावलेल्याच आहेत. चिरंजीव स्वभावानं गरीब, आईवर जीव असलेले. पण कंपनीत साहेब झाल्यापासून प्रत्येक गोष्टीतला धोका आधी दिसायची सवय लागलेली. एकदा काकू तळ्यावरून उशिरा आल्या, फोन पर्समध्ये तळाशी वाजत राहिला, आणि चिरंजीवांनी तेवढ्या वेळात आईला मनातल्या मनात तीनदा दवाखान्यात नेऊन आणलं. त्या दिवसापासून त्यांनी पाठच धरली.

“आई, आता पुरे. वय झालं तुझं. तुला कुठे जायचं असेल तर सांगत जा, मी सोडेन की.”

“आणि आणायला?”

“आणायलाही येईन.”

चिरंजीवांचं ‘येईन’ काकूंना चांगलं ठाऊक होतं. दातांच्या डॉक्टरांकडून आणायला ते येणार होते, तेव्हा काकूंचं तिथल्या बाकावर बसून मासिकातलं शब्दकोडं सोडवून, खोडून, पुन्हा सोडवून झालं होतं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. दर आठवड्याला काकू तीन मैत्रिणींना घेऊन तळ्यावर जात. एकीचे गुडघे गेलेले, दुसरीला ऐकू कमी, तिसरीचं सगळं उत्तम पण घरात कुणाशी पटत नाही. चौघी काचा खाली करून गाडीतच बसत, पाण्याकडे बघत आणि साऱ्या जगाची यथेच्छ निंदा करत. गाडी गेली की हे सगळं गेलं. आणि या वयात ‘जाऊ का रे?’ असं पोराला विचारायचं, हे काकूंच्या गळी उतरेना.

त्यांनी आरडाओरडा करून पाहिला, अबोला धरून पाहिला. चिरंजीव ढिम्म. सूनबाईंनी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून अंग काढून घेतलं.

आता विकायची तर गाडी दिसायला बरी हवी. गाडी लाल होती आणि इतक्या वर्षांनीही लालच होती, कारण काकू तिला स्वतःच्या हातानं धूत. पण तिचं सगळं काळं प्लास्टिक, म्हणजे पुढचा-मागचा बंपर, दारांखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, आरशांच्या टोप्या, उन्हानं पार राखाडी पडलं होतं. लालचुटूक लुगड्याला विटका काठ असावा तशी ती दिसे. चिरंजीवांनी पॉलिशवाल्याला बोलावलं.

पॉलिशवाला आला तो आधी त्याची मिशी घेऊन आला. ती इतकी काळीभोर होती की बाकीच्या चेहऱ्याशी तिचं काही नातं असेल असं वाटत नव्हतं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकला आणि उजव्या आरशाखालच्या एका पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

“हे कुणी केलं?”

“मीच,” काकू म्हणाल्या. “गाडीला मेण लावत होते, तेव्हा लागलं असेल.”

“अहो काकू! मेण पत्र्याला लावायचं, काळ्याला चुकूनसुद्धा नाही. या प्लास्टिकला बारीक छिद्रं असतात. मेण त्यात जाऊन बसतं, वाळलं की पांढरं पडतं आणि मग धुतलं तरी जात नाही. गाडीचं वय एका दिवसात वाढवायचं असेल ना, तर काळ्याला मेण लावावं!”

ऐकलेलं विसरायचं नाही आणि ऐकलं असं दाखवायचं नाही, या दोन गोष्टी एक्स्चेंजच्या नोकरीत काकूंच्या अंगात मुरल्या होत्या.

“हो का,” त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

पॉलिशवाल्यानं लाल पत्र्याच्या कडेकडेनं कागदी टेप चिकटवली, जुन्या दात घासायच्या ब्रशनं कानाकोपरा खरवडून धुतला आणि स्पंजवर एक काळं रसायन घेऊन सगळं प्लास्टिक पुसून काढलं. दुपारपर्यंत गाडी चकचकीत झाली.

“वर्षभर बघायला नको,” तो चिरंजीवांना म्हणाला. “वर्षाच्या आत पांढरं पडलं, तर तोंड काळं करीन.”

‘ओठाच्या वरपर्यंत तर झालेलंच आहे’, असं काकूंच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

पहिलं गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. चिरंजीव रविवारी आंघोळीला गेले की गाणी म्हणतात आणि गाणी संपल्याशिवाय बाहेर येत नाहीत. काकूंनी मेणाचा डबा घेतला, जुन्या मोज्यात हात घातला आणि शांतपणे कामाला लागल्या. सगळीकडे नाही लावलं. तेवढी अक्कल त्यांना होती. कमानींवर थोडं, दारांच्या पट्ट्यांवर पुसट, बंपरवर मात्र सढळ हातानं. मग मोजा बादलीत टाकला आणि वर्तमानपत्र उघडून पायरीवर बसल्या. आतून चिरंजीवांचं दुसरं कडवं चालू होतं.

नव्यानं लग्न झालेलं जोडपं आलं. तिला लाल रंग आवडला. त्यानं बंपर पाहिला.

“अगं, ही तर पिकलीय,” तो तिला हळूच म्हणाला, आणि दोघं हसत हसत निघून गेली.

चिरंजीवांनी डोळे बारीक करून गाडी पाहिली आणि तडक पॉलिशवाल्याला फोन लावला. तो बिचारा धावत आला, पुन्हा सगळं काळं केलं, वर जास्तीचा एक हात दिला. पुढच्या रविवारी चिरंजीवांची गाणी आणि काकूंचा मोजा दोन्ही आटोपल्यावर औषधाच्या दुकानाचा मालक आला. त्यानं बंपरवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, ते रुमालाला पुसलं आणि ‘कळवतो’ म्हणाला. ‘कळवतो’ म्हणणारा माणूस कधी कळवत नाही, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी त्याला आग्रहानं बिस्किटं दिली.

आता मात्र चिरंजीव फोनवर खवळले. “कसली हो तुमची गॅरंटी? आठवडाभर टिकत नाही! चार लोकांना सांगू का मी?”

पॉलिशवाल्याचं धाबं दणाणलं. त्याचा सगळा धंदा चार लोकांच्या तोंडावरच चालत होता. तो दुसऱ्याच दिवशी आला. चिरंजीव कामावर गेले होते. तो गाडीपाशी उकिडवा बसला, नखानं पांढरा थर खरवडला, बोटांत चोळला आणि नाकाशी नेला.

काकू दारात उभ्या होत्या. आता पळायला जागा नव्हती.

“काकू,” तो वळूनही न बघता म्हणाला, “मेणाचा वास मी झोपेतही ओळखतो.”

“चहा घेणार?” काकूंनी विचारलं.

“मी तुमचं काय वाकडं केलंय हो? पहिल्या तक्रारीपासून मला झोप नाही. वाटलं, रसायन भेसळीचं निघालं. त्या दुकानदाराशी जाऊन भांडलो मी! बायको म्हणते, तुमचा हात गेला आता, बसा घरी. माझ्यासारख्या माणसाला घरी बसा म्हणते!”

हे शेवटचं वाक्य काकूंच्या जिव्हारी लागलं. घरी बसा. आपण ज्यासाठी एवढं सगळं करतोय तेच नेमकं या माणसाच्या वाट्याला आणून ठेवलं की! त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी स्टूल आणून दिलं, स्वतः पायरीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. चिरंजीवांचं ‘येईन’, दातांच्या डॉक्टरांकडचा बाक, तळं, मैत्रिणी, झिजलेली चटई. काही झाकून ठेवलं नाही.

पॉलिशवाल्यानं सगळं ऐकलं. मिशीवरून हात फिरवला. जवळून पाहिल्यावर काकूंना दिसलं, मुळाशी पांढऱ्याची एक बारीक रेघ होती.

“तुमचं पटतंय मला. पण माझं नाव?” तो म्हणाला. “हे असं पांढरं मी ठेवू शकत नाही. आज मी रसायन आणलंच नाहीये. हे आणलंय.” त्यानं पिशवीतून केस वाळवायच्या यंत्राचा थोरला भाऊ शोभेल असं एक यंत्र काढलं. “गरम हवा. वरून फासायचं नाही, प्लास्टिकचं स्वतःचं काळेपण आतून वर आणायचं. वरून मग पक्का थर. त्याच्यावर तुमचं मेण काय, मेणाचा बापही बसणार नाही.”

आणि त्यानं आधी बंपरवरचं मेण ब्रशनं खरवडून धुवून काढलं, बंपर कोरडा केला आणि यंत्र सुरू केलं. काकूंना विरोध करायचा होता, पण त्या बघतच राहिल्या. यंत्र बंपरवरून सावकाश सरकत होतं आणि त्याच्या मागोमाग राखाडीतून काळं उगवत होतं. थांबलं तर जळेल, घाई केली तर उमटणार नाही; त्याचा हात एकाच चालीनं चालला होता. मिशी थरथरत होती. थोड्या वेळानं गाडीचं सगळं तोंड, बंपर आणि जाळीसकट, शोरूममधून पहिल्यांदा घरी आणली त्या दिवशीसारखं दिसायला लागलं. काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी देखणी करायची ती काय दुसऱ्याच्या दारात उभी करायला?

पॉलिशवाला उठून दाराच्या पट्टीकडे वळला.

“थांबा,” काकू म्हणाल्या. त्यांनी गाडीकडे पुढून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं, मग पुन्हा पुढून. “समजा, एवढंच केलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. तर कसं दिसेल?”

“वाईट दिसेल. पुढचा बंपर नवा बसवल्यासारखा दिसेल. कुणीही म्हणेल की गाडी ठोकलीय आणि…”

तो बोलता बोलता थांबला. काकू त्याच्याकडे अगदी निरागस चेहऱ्यानं बघत होत्या.

“छे छे,” तो म्हणाला. “अर्धवट काम मी करत नाही. माझ्या तत्त्वात बसत नाही ते.”

“अर्धवट कुठे? पुढच्या सोमवारी या आणि पुरं करा. गाडी राहिली तर मागच्या काचेवर तुमच्या दुकानाचं नाव लावून गावभर फिरवीन. हॉर्न वाजवत.”

पॉलिशवाल्याच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं असावं. या बाईच्या हॉर्ननं माणसं मान वळवून बघतात, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं यंत्राची वायर गुंडाळायला सुरुवात केली.

“साहेबांना काय सांगायचं?”

“तुम्हीच तर कबूल केलं होतंत,” काकू म्हणाल्या. “पांढरं पडलं तर तोंड काळं करीन म्हणून. केलंत. कुणाचं ते कुठे ठरलं होतं?”

चिरंजीवांना संध्याकाळी सांगण्यात आलं की यंत्र तापून बंद पडलंय आणि बाकीचं काम सोमवारी. ते चरफडले, कारण रविवारी येणारं गिऱ्हाईक पक्कं होतं. कागदपत्रं पाहून झाली होती, भाव फोनवरच जमला होता, माणूस गाडी घेऊनच जाणार होता. काकूंना त्या रात्री जेवण गेलं नाही. हा डाव फसला तर दुसरा डाव नव्हता. म्हणून रविवारी सकाळी गाणी सुरू होताच त्यांनी कमानींवर आणि पट्ट्यांवर मेणाचा आणखी एक हात दिला, घाईत मोज्याशिवायच.

रविवारी गिऱ्हाईक आलं ते भर उन्हात हातात टॉर्च घेऊन. अशा माणसाला काही सांगावं लागत नाही. त्यानं गाडीखाली टॉर्च मारला, दारं उघडून बिजागऱ्यांत मारला, काकांच्या चटईवरसुद्धा मारला. इंजिन ऐकून मान डोलावली. पॉलिशवाला ‘काम बघायला’ म्हणून मुद्दाम आला होता आणि स्टुलावर पाय हलवत बसला होता.

मग टॉर्च पुढच्या बंपरवर आला. तिथून कमानीवर गेला. परत बंपरवर आला.

“बंपर बदललाय,” टॉर्चवाला म्हणाला.

“नाही हो,” चिरंजीव म्हणाले. “जुनाच आहे. पॉलिश केलाय.”

“मग बाकीचं का नाही केलं?”

“ते… यंत्र बंद पडलं.”

टॉर्चवाला जुने लोक हसतात तसा नाकातून हसला. पॉलिशवाल्याकडे वळला. “काय हो, नवा आहे ना हा?”

आता खोटं बोलायची तयारी पॉलिशवाल्यानं केलेली नव्हती. पण त्याच्या उभ्या आयुष्यात त्याच्या कामाला एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. त्याचा चेहरा फुलला.

“नवाच वाटतो, नाही?” तो म्हणाला. “अगदी नवा!”

“बघा. मला काय कळत नाही का? पुढून चांगली दणकून ठोकलेली आहे गाडी.” टॉर्चवाल्यानं काकूंकडे मान केली. “चालवतं कोण? या? मग बरोबर. या वयात व्हायचंच.”

काकूंनी तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं ते सांगता येत नाही. पण त्यांच्याआधीच कुणीतरी ओरडलं.

“ओ! तोंड सांभाळून बोला!”

चिरंजीव लालबुंद झाले होते. काकूंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“ठोकली? माझ्या आईनं? अहो, तुम्ही चालवायला शिकला नसाल तेव्हापासून चालवतेय ती! एक ओरखडा दाखवा मला या गाडीवर. घाटात चालवलीय, धुक्यात चालवलीय. मी मागच्या सीटवर झोपून लहानाचा मोठा झालोय, एकदा म्हणून दचकून जागा झालो नाही! तिच्यासारखी गाडी या गावात कुणी चालवत नाही, कळलं?”

समोरच्या फाटकातल्या बायकासुद्धा बोलायच्या थांबल्या.

टॉर्चवाल्यानं टॉर्च बंद केला. “मग विकताय कशाला?” त्यानं विचारलं.

त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. चिरंजीवांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काकू पायरीवर बसून होत्या. पलीकडचा माणूस अडखळला की मध्ये बोलायचं नाही, लाइन चालू ठेवायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. टॉर्चवाला थोडा वेळ थांबला आणि मान हलवत निघून गेला.

“काय म्हणालास रे?” मग काकूंनी हळूच विचारलं. “मला नीट ऐकू नाही आलं. परत म्हण.”

“आई, उगाच…”

“नाही, ते घाटातलं. आणि गावात कुणी चालवत नाही, ते.”

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. खिशात हात घातला, किल्ली काढली आणि पुढे केली. “फोन मात्र पर्समध्ये तळाशी टाकायचा नाही,” एवढंच ते म्हणाले.

किल्ली घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा चिरंजीवांनी तो हात धरला. उलटा केला. बोटं जवळून पाहिली.

“आई, तुझ्या नखांत हे पांढरं काय आहे?”

पॉलिशवाला स्टुलावरून उठला आणि मागच्या चाकाच्या कमानीचं फार बारकाईनं निरीक्षण करू लागला.

“अरे, काय असणार?” काकू किल्ली काढून घेत म्हणाल्या. “वय झालंय ना माझं.”